ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीला रंगीत चकती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोकणात अजून बऱ्याच घरांच्या माळ्यावर जुना ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही पडून असतो. चाकरमान्यानं मुंबईहून आणलेला, चादरीत गुंडाळलेला, चालू की बंद ते कुणालाच ठाऊक नसलेला. त्यावर रंगीत चित्र उमटवता येतं असं सांगितलं की समोरून तेच ते प्रश्न येतात. ते इथं उत्तरांसह दिले आहेत. सोल्डरिंग येत असेल आणि मल्टिमीटर हाताळता येत असेल तर सगळंच वाचा. येत नसेल तर निदान विजेबद्दलचा भाग वाचल्याशिवाय मागचं झाकण उघडू नका.

पिक्चर ट्यूब ब्लॅक अँड व्हाइट, मग रंग येतो कुठून?

फिल्टरमधून. पडद्यासमोर लाल, हिरव्या आणि निळ्या पारदर्शक पट्ट्यांची चकती फिरते. समोर लाल पट्टी असते तेवढ्यात पडद्यावर चित्राचा फक्त लाल भाग उमटतो, अर्थात पांढऱ्या उजेडात. हिरवी पट्टी आली की हिरवा भाग, निळी आली की निळा. हे इतकं भराभर होतं की डोळ्याला तीन चित्रं सुटी दिसत नाहीत, एकच रंगीत चित्र दिसतं. ट्यूबला यातलं काही कळत नाही, ती आपली नेहमीसारखी काळं-पांढरं रंगवत असते.

पूर्वी टीव्हीपुढं रंगीत काच लावायचे, तेच का हे?

नाही. त्या प्लास्टिकच्या पडद्यावर वर निळा, खाली हिरवा आणि मध्ये तांबूस असे कायमचे पट्टे असायचे. समुद्रकिनाऱ्याचं दृश्य आलं की दोन क्षण खरं वाटायचं. बातम्या लागल्या की निवेदिकेचं कपाळ निळं आणि हनुवटी हिरवी. चित्रात मुळात कुठला रंग आहे याचा त्या काचेला पत्ताच नसायचा. चकतीच्या पद्धतीत मूळ चित्रातले तीन रंग वेगळे करून ट्यूबला दिलेले असतात.

मग गणपतीच्या मखरामागं फिरतं ते रंगीत चक्र?

त्याच्या जवळ आलात. तेही दिव्यासमोर रंगीत पट्ट्या फिरवतं. फरक असा की मखरातला दिवा सतत सारखा पेटलेला असतो आणि चक्र मनाला येईल त्या गतीनं फिरतं. इथं दिव्याच्या जागी चित्र आहे, आणि कुठल्या क्षणी कुठली पट्टी समोर हवी ते सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत ठरलेलं आहे. सगळी मेहनत या ताळमेळासाठीच लागते, बाकीचं सुतारकाम.

ही कल्पना कुणाची?

रंगीत टीव्ही पहिल्यांदा असाच दाखवला गेला. ३ जुलै १९२८ रोजी लंडनमध्ये जॉन लोगी बेअर्ड यांनी छिद्रांच्या तीन सर्पिल रांगा असलेली चकती वापरली, एकेका रांगेला एकेक रंगाचा फिल्टर. त्यात पिक्चर ट्यूब नव्हतीच.

ट्यूबसमोर चकती फिरवण्याची पद्धत पक्की केली ती अमेरिकेच्या सीबीएस कंपनीत पीटर गोल्डमार्क यांनी. जन्म बुडापेस्टचा. लाँग प्ले रेकॉर्डमागंही हाच माणूस. १९४० साली त्यांनी रंगीत प्रक्षेपण करून दाखवलं, ऑक्टोबर १९५० मध्ये अमेरिकी सरकारनं त्यांच्याच पद्धतीला मान्यता दिली, आणि २५ जून १९५१ रोजी न्यूयॉर्कहून पहिलं व्यावसायिक रंगीत प्रक्षेपण झालं. चित्रात ४०५ आडव्या रेघा, सेकंदाला १४४ फील्ड (फील्ड म्हणजे ट्यूबमधल्या किरणानं पडदा वरून खाली एकदा रंगवणं), चकतीला सहा पट्ट्या आणि फेरे मिनिटाला १४४०. विहिरीवरच्या पंपाच्या मोटरची पाटी वाचा, काही वेळा तिच्यावर हाच आकडा दिसेल. दोन्हींचा संबंध काही नाही, पण लक्षात ठेवायला बरं पडतं.

मग ती पद्धत टिकली का नाही?

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये प्रक्षेपण थांबलं. कोरियन युद्धामुळं रंगीत संचांचं उत्पादन थांबवायला सांगितलं हे वरवरचं कारण. खरं दुखणं आधीपासूनच होतं. अमेरिकेत घरोघरी जे साधे संच होते त्यांना हा सिग्नल काळा-पांढराही दिसत नव्हता, कारण रेघांचा वेग वेगळा. आणि चकती पडद्याच्या दुपटीहून मोठी लागते. डिसेंबर १९५३ मध्ये पूर्ण इलेक्ट्रॉनिक आणि जुन्या संचांवरही दिसणारी पद्धत मंजूर झाली, आणि चकतीवाले संच अडगळीत गेले.

त्यानंतरही साध्या संचापुढं बसवायची चकती अमेरिकेत काही काळ विकली जात होती. कॉल-आर-टेल नावाचं एक साधन १९५० च्या दशकाच्या मध्यात निघालं होतं. नवीन रंगीत सिग्नल घ्यायचा, त्यातले तीन रंग एकामागून एक ट्यूबला द्यायचे आणि पुढं चकती फिरवायची. आपण करतोय ते थेट त्याच वंशातलं.

चकती मेली म्हणावं तर तीही नाही. मे १९६९ मध्ये अपोलो १० मधून अंतराळातलं पहिलं रंगीत थेट चित्र आलं ते भिंगामागं फिरणारी चकती असलेल्या कॅमेऱ्यातून. मोठे रंगीत कॅमेरे यानात मावणारे नव्हते. आणि हॉलमध्ये लग्नाचा व्हिडिओ दाखवायला जो एका चिपचा डीएलपी प्रोजेक्टर आणतात, त्यातल्या बऱ्याच जणांच्या पोटात आजही रंगीत चकतीच गरगरत असते.

आपल्याकडे असं काही होतं का?

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि रंग आला १९८२ मध्ये, १५ ऑगस्टचा लाल किल्ला आणि नोव्हेंबरच्या एशियाडच्या निमित्तानं. तोवर जगात चकतीचा विषय संपलेला होता. आपण थेट पाल ही पूर्ण इलेक्ट्रॉनिक रंगीत पद्धत घेतली. ६२५ रेघा, सेकंदाला ५० फील्ड. पुढचं सगळं गणित या दोन आकड्यांवर चालतं.

कुठला संच घ्यावा?

छोटा. साडेपाच इंची, रेडिओसकट येणारा पोर्टेबल सगळ्यात उत्तम. त्याच्या खालोखाल १२ इंची पोर्टेबल, जो १२ व्होल्टच्या बॅटरीवरही चालायचा. गावात वीज नसताना किंवा नेमकी ‘महाभारत’ लागायच्या वेळी गेलेली असताना जीपची बॅटरी काढून ज्यावर लोकांनी टीव्ही पाहिला, तोच. बॅटरीवर चालणाऱ्या संचाची चासी (आतला धातूचा सांगाडा) साधारणपणे मेन्सपासून, म्हणजे घरातल्या विजेपासून, तुटक असते, आणि त्यात हात घालायचा असेल तर एवढी एक गोष्ट बाकी सगळ्या गुणांपेक्षा मोठी.

आमच्याकडे शटरचा लाकडी २० इंची आहे. त्याला करू का?

करू नका. त्याला साडेतीन फुटांच्या आसपासची चकती लागेल. ती पूर्ण वेगानं फिरवणं म्हणजे घरात पंख्याचं पातं मोकळं सोडणं. शिवाय सागवानी शटरचा संच आहे तसाच छान दिसतो. त्याचे कपॅसिटर बदला, पॉलिश करा आणि ओटीवर ठेवा.

चकती किती मोठी आणि किती वेगानं?

सहा पट्ट्यांच्या चकतीत प्रत्येक पट्टी ६० अंशांची. एका फील्डच्या वेळात चकती ६० अंश फिरते, आणि तेवढ्यात पट्टीची कड चित्राच्या वरच्या काठापासून खालच्या काठापर्यंत पोचायला हवी. भूमितीत बसवलं तर चकतीच्या मध्यापासून पडद्याच्या मध्यापर्यंतचं अंतर साधारण चित्राच्या उंचीएवढं निघतं. साडेपाच इंचीत चित्राची उंची ८ सेंमीच्या वर थोडी, म्हणून चकती ३० सेंमी व्यासाची. १२ इंचीत उंची १९ सेंमी, चकती ६५ सेंमी.

आता वेग. सेकंदाला १५० फील्ड (का ते पुढच्या प्रश्नात) म्हणजे मिनिटाला १५०० फेरे. १५०० फेऱ्यांना ३० सेंमीच्या चकतीची कड ताशी ८५ किलोमीटरनं धावते. ६५ सेंमीच्या चकतीची ताशी १८०च्या वर. दोन्हींतली कुठली समोर बसून बघायची ते तुम्हीच ठरवा.

दिशाही महत्त्वाची. ट्यूबवर चित्र वरून खाली रंगत जातं, तेव्हा पट्टीची कडही वरून खाली यायला हवी. बघणाऱ्याच्या बाजूनं चकती घड्याळाच्या काट्यासारखी फिरत असेल तर पडदा चकतीच्या आसाच्या उजवीकडं ठेवा. उलट बसवलात तर चित्राच्या मधोमध दोन रंगांची कायमची खिचडी दिसेल.

चित्र लुकलुकतं असं म्हणतात. खरं का?

साध्या मार्गानं गेलात तर असह्य लुकलुकतं. पालचे सेकंदाला ५० फील्ड. ते तीन रंगांत वाटले की पूर्ण रंगीत चित्र सेकंदाला जेमतेम १६ ते १७ वेळा. गोल्डमार्कनी १४४ फील्ड घेतले ते याचसाठी, त्यात तिन्ही रंग सेकंदाला ४८ वेळा येतात.

मग आपणही फील्ड तिप्पट करून १५० करू, असं पहिल्यांदा डोक्यात येतं. पण ६२५ रेघा तशाच ठेवल्या तर रेघांचा वेग सेकंदाला १५,६२५ वरून ४६,८७५ वर जातो. आपल्या संचाचा एलओटी, म्हणजे मागं जाड लाल वायर निघते तो ट्रान्सफॉर्मर, या वेगाला चालणार नाही. लाइन आउटपुटचा ट्रान्झिस्टर आधी जाईल. सीबीएसच्या ४०५ रेघांचा वेगही २९,१६० होता, आपल्या दुपटीच्या जवळ. त्यासाठी एलओटी आणि योक (ट्यूबच्या मानेवरची, किरण वळवणारी गुंडाळी) दोन्ही नव्यानं गुंडाळावे लागतील. एवढं करण्यात मला काही राम दिसत नाही.

यातून एक वाट आहे, आणि माझं मत ठामपणे तिच्याच बाजूनं आहे. रेघांचा वेग १५,६२५ ला हातच लावायचा नाही. त्याऐवजी एका फील्डमधल्या रेघा कमी करायच्या. १५,६२५ ला १०४ नं भागलं की १५०.२४ येतात. म्हणजे १०४ रेघांचं चित्र, सेकंदाला दीडशे वेळा. एलओटी, ईएचटी (ट्यूबला लागणारं हजारो व्होल्टचं व्होल्टेज), योक सगळं जागच्या जागी. बदलायचं ते फक्त व्हर्टिकलमध्ये, म्हणजे किरण वरून खाली नेणाऱ्या भागात. ऑसिलेटरचा टायमिंग कपॅसिटर सुमारे एक तृतीयांश करायचा. मग चित्राची उंची आक्रसते, कारण करवतीसारख्या वेव्हला चढायला वेळ कमी मिळतो, तर तिचा कपॅसिटरही त्याच प्रमाणात कमी करायचा. टीडीए ११७० सारखी आयसी असलेल्या संचात हे दोन कपॅसिटर शोधायला वेळ लागत नाही. किरण खालून परत वर जायला सुमारे एक मिलिसेकंद घेतो, तो वेळ मात्र कमी होत नाही. त्यात १५-१६ रेघा जातात आणि पडद्यावर ८८च्या आसपास उरतात.

साडेपाच इंची पडद्यावर ८८ रेघा म्हणजे चेहरा ओळखू येतो, होडीची शिडं मोजता येतात, बातम्यांची खालची पट्टी मात्र वाचता येत नाही. ज्यांना रेघा जास्त हव्यात त्यांनी २०८ रेघा आणि ७५ फील्ड करून पाहावं. चकती निम्म्या वेगानं फिरेल आणि चित्र नाजूक येईल, पण रंग सेकंदाला २५ वेळाच येतील. अंधाऱ्या खोलीत थोडा वेळ ठीक, जास्त वेळ डोकं धरतं.

सिग्नल कुठून आणायचा? सेट टॉप बॉक्स जोडला तर?

सेट टॉप बॉक्सचा सिग्नल नेहमीचा पाल असतो. त्यातून तीन रंग वेगळे करायचे, मेमरीत साठवायचे, रेघा कमी करायच्या आणि दीडशेच्या वेगानं बाहेर काढायचे. होतं, पण ते दुसऱ्या टप्प्याचं काम.

सुरुवातीला रास्पबेरी पाय पिकोसारखा छोटा बोर्ड घ्या आणि चित्र त्याच्यातच ठेवा. आडवे १२० आणि उभे ९० ठिपके, तीन रंग, मिळून ३२,४०० बाइट. पिकोच्या मेमरीत असली कितीतरी चित्रं बसतात. बोर्डातून चार-पाच रेझिस्टरांच्या शिडीनं व्हिडिओ काढायचा, त्यात सिंक (रेघ आणि फील्ड कुठं सुरू होतं ते सांगणारी खूण) मिसळायचं आणि संचाच्या आयएफनंतर (ट्यूनरच्या पुढचा टप्पा), व्हिडिओ ॲम्प्लिफायरच्या तोंडाशी सोडायचं. ट्यूनरमधून आत शिरू नका, ८८ रेघांतला निम्मा तपशील वाटेतच धूसर होईल.

मोटर कुठली?

इथं एक युक्ती आहे, ती कळली की मोटरची निम्मी डोकेदुखी जाते. चकतीनं सिग्नलमागं धावायचं असेल तर मोटरचा वेग काटेकोर धरावा लागतो. त्यापेक्षा सिग्नललाच चकतीमागं धावू द्या. चकतीच्या कडेला प्रत्येक पट्टीसाठी एक खाच आणि पूर्ण फेरीसाठी एक वेगळी खाच ठेवा. जुन्या प्रिंटरमधला ऑप्टिकल सेन्सर त्या खाचा वाचेल. खाच आली की बोर्डानं हातातली रेघ पुरी करून पुढचं फील्ड सुरू करायचं. वेग थोडा हलला तर फील्डमध्ये १०४ ऐवजी १०३ किंवा १०५ रेघा येतील, चित्र किंचित थरथरेल, एवढंच.

हे जमलं की टेबल फॅनची मोटरसुद्धा चालते. ती मिनिटाला १३०० ते १४०० फेरे देते. १३५० धरा, सहा पट्ट्यांचे सेकंदाला १३५ फील्ड झाले, रेघा ११५च्या थोड्या वर. संध्याकाळी व्होल्टेज पडलं तरी चित्र सांभाळून घेतं, फक्त व्हर्टिकल होल्ड एकदा नीट लावून ठेवा. तरी १२ व्होल्टची ब्रशलेस मोटर मिळाली तर तीच घ्या. आवाज कमी, आणि मेन्सची वायर चकतीजवळ येत नाही.

पाल व्हीसीआरचं हेड ड्रम बरोबर १५०० फेऱ्यांनी फिरतं हे ज्यांना माहीत आहे ते हटकून विचारतात. आकडा जुळतो, पण त्या मोटरकडून ३० सेंमीची चकती ओढली जाण्याची अपेक्षा करू नका.

चकती बनवायची कशाची?

एक मिलिमीटरची पॉलिकार्बोनेट शीट. गावातला नंबर प्लेट आणि रेडियम कटिंगवाला गोल कापून देईल. ॲक्रिलिक स्वस्त पडतं पण तडकलं की त्याचे सुरे होतात. मधला ॲल्युमिनियमचा हब कुडाळ किंवा मिरजोळे एमआयडीसीतला कुठलाही लेथवाला काढून देईल, फक्त शाफ्टचं माप तोंडी सांगू नका, मोटर घेऊनच जा. पट्ट्या चिकटवून झाल्यावर चकती आडव्या सळईवर सैल ठेवा. जड बाजू आपोआप खाली येते. विरुद्ध बाजूला टेपचे तुकडे लावत जा, चकती कुठल्याही जागी थांबायला लागेपर्यंत. हे नीट केलं नाही तर टेबल नाचतं.

समोर आणि कडेनं जाड पॉलिकार्बोनेटचं आवरण हवंच. फॅनची जाळी चालणार नाही.

फिल्टर इथं मिळतील?

गिफ्ट पेपरच्या दुकानातला रंगीत कागद नको, त्याचा लाल नारिंगी निघतो आणि हिरव्यातून सगळंच गळतं. नाटकाच्या किंवा दशावताराच्या लाइटवाल्याकडं जिलेटीन असतं. त्याच्याकडं ली कंपनीचं नमुना पुस्तक असेल तर १०६ लाल, १३९ हिरवा, १२० निळा हे आकडे बघा. नाव जिलेटीन असलं तरी हे आता प्लास्टिकचंच असतं आणि आपल्या हवेला तेच बरं. फोटोग्राफीतले रॅटन फिल्टर रंगाला उत्तम, पण ते खऱ्या जिलेटिनचे. एका पावसाळ्यात त्यांच्यावर बुरशीची नक्षी उठते.

तपासायला लाल आणि हिरवा एकावर एक ठेवून बल्बकडं बघा. जवळपास काळोख दिसला तर घ्या, तपकिरी उजेड दिसला तर परत करा.

लाल फिकट का येतो?

ट्यूबच्या आतल्या लेपामुळं. ब्लॅक अँड व्हाइट ट्यूबचा पांढरा म्हणजे निळा फॉस्फर अधिक पिवळा फॉस्फर. खरा लाल त्यात फार थोडा. त्यामुळं हापूस आंबा पडद्यावर असा काही उठून दिसतो की आसपासचे उठून जवळ येतात, आणि त्याच्या शेजारी ठेवलेला पिकलेला रातांबा विटकरीसारखा. बोर्डात लाल चित्राची पातळी वाढवा आणि हिरवी उतरवा. त्यासाठी राखाडी पट्ट्यांचं एक चित्र करून ठेवा, तिन्ही पातळ्या हलवत राखाडी खरोखर राखाडी दिसला की थांबा. त्यापुढं लाल वाढवायच्या नादी लागलात तर चित्र एकूणच अंधारेल. तसंही दहातले नऊ भाग उजेड फिल्टरच खातात, म्हणून खोलीत काळोख हवा.

चेहरे हिरवे दिसतात.

पट्टी एक घर पुढं किंवा मागं सरकली आहे. पूर्ण फेरीची खाच सेन्सरला दिसत नाहीय, किंवा बोर्ड चालू होताना चुकीच्या रंगापासून मोजतोय. एक बटण ठेवा, दाबलं की रंग एक घर सरकेल. चित्राचा वरचा भाग बरोबर आणि खालचा भलत्याच रंगाचा असेल तर सेन्सरची जागा थोडी हलवा, बटणानं ते जाणार नाही.

यावर मॅच बघता येईल?

चेंडू दिसणार नाही. आणि दिसला तरी एक नाही, लाल, हिरवा, निळा असे तीन दिसतील, कारण तीन रंगांच्या तीन क्षणांत तो तीन जागी असतो. मान झटकन वळवली तरी पांढऱ्या वस्तूंच्या कडांना रंग फुटतात. हा दोष पद्धतीतलाच आहे.

शॉकचा धोका किती?

जीव जाण्याइतका. तीन गोष्टी वेगवेगळ्या समजून घ्या.

पहिली, ट्यूबच्या कडेची ईएचटी कॅप. १२ इंची संचात तिथं साधारण १० ते १२ हजार व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ट्यूब ते धरून ठेवते. स्क्रूड्रायव्हरला वायर बांधून तिचं दुसरं टोक ट्यूबच्या बाहेरच्या काळ्या लेपाला टेकणाऱ्या तारेशी जोडा, मग स्क्रूड्रायव्हर कॅपखाली सरकवा. एकदा करून थांबू नका, थोड्या वेळानं पुन्हा करा.

दुसरी, लाइव्ह चासी. ट्रान्सफॉर्मर नसलेल्या अनेक संचांची चासी थेट मेन्सशी जोडलेली असते. अशा संचाला बोर्ड जोडला तर बोर्डही लाइव्ह, त्याला जोडलेला लॅपटॉपही लाइव्ह आणि लॅपटॉपला हात लावणाराही. एक-एक प्रमाणाचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर मधे घातल्याशिवाय त्याला हात लावू नका. नुसता स्टॅबिलायझर म्हणजे आयसोलेशन नाही.

तिसरी, ट्यूबची मान. चकती बसवताना ठोकाठोक मागं जाते आणि मान तुटली की ट्यूब गेली. डोळ्यांवर चष्मा हवा.

फिट येणाऱ्या माणसानं बघितलं तर चालेल?

नाही. सेकंदाला १५ ते २५ वेळा लुकलुकणारा उजेड हा त्रासाचा पट्टा आहे, आणि ५० फील्डची साधी पद्धत नेमकी त्यात पडते. दीडशेच्या पद्धतीतही चकती वेग घेताना आणि थांबताना त्या पट्ट्यातून जातेच. चकतीनं वेग धरेपर्यंत ट्यूबचा उजेड बंद ठेवायची सोय बोर्डात करा. गणपतीत, शाळेत, जत्रेत कुठंही चारचौघांत दाखवणार असाल तर आधी सांगा.

खाऱ्या हवेचा काय परिणाम?

मालवण, देवगड, हर्णैसारख्या अगदी किनाऱ्यावरच्या घरांत संच उघडला की आधी तांब्यावरचा हिरवा थर दिसतो. कंट्रोल खरखरतात, आयसीचे पाय गंजतात, आत पालीची अंडी आणि कुंभारमाशीचं मातीचं घर हे तर ठरलेलंच. पावसाळ्यात ईएचटी कॅपभोवती ओल धरली की सूंऽऽ असा आवाज आणि विजा कडाडल्यानंतर येतो तसा वास येतो. लगेच बंद करा. कॅप आणि तिच्याभोवतीची काच स्पिरिटनं पुसा, कोरडी करा, वायरला चीर असेल तर एलओटीच बदला. बरीच वर्षं बंद असलेला संच पहिल्यांदा लावताना सिरीज बल्ब मधे घाला. बल्ब मोठा पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे.

२०२१ च्या पुरात बुडालेला संच चालेल का?

चिपळूणकडून हा प्रश्न हमखास येतो. ट्यूबला सहसा काही झालेलं नसतं, काचच ती. प्रिंटेड बोर्ड गोड्या पाण्यानं धुऊन, ब्रशनं गाळ काढून, कडक उन्हात नीट वाळवून पुन्हा उभा राहू शकतो. एलओटी आणि योकच्या गुंडाळ्यांत गाळ शिरला असेल तर त्यांचा भरवसा धरू नका. स्पीकर गेलाच. अशा संचाची ट्यूब काढून दुसऱ्या चालू संचासाठी जपून ठेवणं जास्त शहाणपणाचं.

नंतर टीव्ही पूर्ववत होईल?

व्हावा अशाच रीतीनं काम करा. काढलेले दोन कपॅसिटर पाकिटात घालून मागच्या झाकणाच्या आतून चिकटवा, त्यावर जागा लिहा. कॅबिनेटला भोकं पाडू नका, चकतीसाठी वेगळी लाकडी चौकट करून संच तिच्यामागं ठेवा. आजीला मधेच जुना टीव्ही जसा होता तसा हवा झाला आणि ‘ह्या काय फिरता रे?’ अशी विचारणा झाली, तर चौकट उचलून बाजूला, दोन सोल्डर इकडचे तिकडे, आणि तिचा टीव्ही तिला परत. मात्र ॲनालॉग प्रक्षेपण बंद झाल्यानं नुसती अँटेना लावून त्यावर मुंग्याच दिसतील. सेट टॉप बॉक्स आणि चॅनल तीन किंवा चारवर देणारा छोटा आरएफ मॉड्युलेटर लागेल, तो जुन्या केबलवाल्याकडं पडलेला असतो.